जुना २१० मेगावॉटचा संच गॅसवर चालेल; रोज चालवावा का, हा हिशेब वेगळा

प्रश्न नाशिकहून आला आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातले २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबई-नागपूर गॅसवाहिनी आता जिल्ह्यातूनच गेली आहे. अमेरिकेत कोळशाची कितीतरी केंद्रं गॅसवर गेली. मग हे संच मोडीत काढण्यापेक्षा गॅसवर का चालवू नयेत? राख संपेल, धूर संपेल, लोकांच्या नोकऱ्या राहतील. अडचण नेमकी कुठे आहे?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. बॉयलरच्या बाजूने पाहिलं तर हे काम होण्यासारखं आहे, जगात बऱ्याच ठिकाणी झालं आहे आणि त्यात चमत्कार काही नाही. पण चोवीस तास चालवायच्या संचासाठी मी ते सुचवणार नाही. संध्याकाळच्या मागणीपुरता, वर्षातले मोजके तास चालवायचा असेल तर बोलता येईल, तेही गॅसचा करार कागदावर आल्यानंतर. माझी सगळी नोकरी २१० आणि ५०० मेगावॉटच्या बॉयलरांवर झाली, म्हणून बॉयलरबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. पण हा प्रश्न शेवटी बॉयलरवर नाही, गॅसच्या दरावर अडतो.

यात तीन वेगळी कामं येतात आणि त्यांचे हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. पहिलं म्हणजे बॉयलर तोच, टर्बाइन तोच, फक्त जळण बदलायचं. दुसरं, टर्बाइन आणि कंडेन्सर ठेवायचे, बॉयलर काढायचा आणि त्याच्या जागी गॅस टर्बाइन बसवून तिच्या गरम धुरावर वाफ करायची. तिसरं, सगळं पाडून त्याच जागेवर नवं कंबाइंड सायकल केंद्र उभं करायचं, म्हणजे गॅस टर्बाइन आणि तिच्या धुरावरची वाफ, दोन्हींतून वीज काढणारं. जुन्यातलं शिल्लक काय, तर जमीन, पाण्याचं आरक्षण, स्विचयार्ड आणि माणसं. लोकांच्या मनात असतं पहिलं, आणि फायदे सांगितले जातात तिसऱ्याचे. निम्मा घोळ इथेच आहे.

पहिल्यापासून सुरू करू. आपल्या २१०च्या बॉयलरमध्ये ज्वाला चारही कोपऱ्यांतून येते. कोळसा दळणाऱ्या साधारण सहा मिल असतात, चार-पाच चालू आणि एखादी दुरुस्तीत. कोळशाच्या थरांच्या मधल्या एबी, सीडी, ईएफ पातळ्यांवर तेलाच्या गन असतात. गॅसवर जाताना कोपऱ्यांतल्या याच खणांमध्ये गॅसचे बर्नर बसतात. कोळशाची नोझलं निघतात किंवा बंद होतात. मिल, फीडर, पीए फॅन (दळलेला कोळसा भट्टीत नेणाऱ्या हवेचे पंखे), राखेचे पंप यांना काम उरत नाही. इएसपीचे, म्हणजे धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्रणेचे, ट्रान्सफॉर्मर बंद करता येतात. आतल्या प्लेटा काढल्या नाहीत तरी चालतं, धूर त्यातून नुसता जातो. प्रेशर पार्ट, म्हणजे ड्रम, वॉटरवॉल, सुपरहीटर, रीहीटर, हे बहुतेक जागच्या जागी राहतात. म्हणूनच नव्या संचाच्या मानाने हा खर्च थोडा असतो आणि काम एका लांबलेल्या ओव्हरहॉलमध्ये बसू शकतं.

गोम ज्वालेत आहे. कोळशाच्या ज्वालेत राखेचे आणि कार्बनचे कोट्यवधी कण तापून उठलेले असतात आणि ते भिंतींकडे उष्णता फेकतात. गॅसच्या ज्वालेत हे कण नसतात, ती फिकी असते आणि भिंतींना तिच्याकडून कमी उष्णता मिळते. उलट बाजूला, कोळशावर भिंतींवर राखेचा थर बसतो, तो गॅसवर बसत नाही, त्यामुळे स्वच्छ नळ्या जास्त उष्णता ओढतात. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. कोण जिंकेल ते बॉयलरच्या मापांवर ठरतं.

आपल्याकडे आणखी एक भर आहे. आपल्या कोळशात ३५-४० टक्के राख. ती नळ्या घासून खाते, म्हणून आपल्या बॉयलरांचे धुराचे मार्ग मुद्दाम ऐसपैस ठेवले, धुराचा वेग कमी राहावा म्हणून. गॅसला जादा हवा निम्म्यानेच लागते, कोळशाला २० टक्के तर गॅसला १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे धूरही कमी होतो. त्या ऐसपैस मार्गातून कमी धूर आणखी सावकाश गेला की रीहीटरला, म्हणजे टर्बाइनमधून परत आलेली वाफ पुन्हा तापवणाऱ्या नळ्यांना, उष्णता कमी पडण्याची शक्यता असते. ५३५ अंशांची वाफ हवी आणि ५१० वरच काटा अडला, असं होऊ शकतं. मग बर्नर वर तिरपे करा, धुराचा काही भाग परत भट्टीत फिरवा, नाहीतर नळ्यांचं क्षेत्रफळ वाढवा. दुसऱ्या घडणीच्या बॉयलरमध्ये नेमकं उलटं होईल, तापमान वर जाईल आणि वाफ थंड करणाऱ्या स्प्रेचं पाणी उघडून बसावं लागेल. म्हणून निविदेच्या आधी त्या विशिष्ट बॉयलरचा गणिती अभ्यास लागतो. शेजारच्या केंद्रात जमलं म्हणून आपल्याकडे जमेल, हे इथे चालत नाही.

कार्यक्षमतेबद्दल एक गैरसमज ठाम बसलेला आहे. गॅस स्वच्छ, म्हणून बॉयलर जास्त कार्यक्षम होणार, असं धरून चालतात. होतं उलट. एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, आणि ते सगळं वाफ होऊन चिमणीतून निघून जातं. त्या वाफेबरोबर गॅसच्या एकूण उष्णतेतली सुमारे १० टक्के उष्णता जाते. आपल्या कोळशात हायड्रोजन कमी, त्यामुळे ओलावा धरूनही हा तोटा साधारण निम्मा असतो. न जळलेला कार्बन आणि गरम राख यांचे तोटे गॅसवर जातात, पण हिशेब पुरा भरून निघत नाही. बॉयलर एक ते तीन टक्क्यांनी खालीच येतो. सावरतं ते दुसऱ्या बाजूला. मिल आणि पीए फॅन बंद झाल्यामुळे केंद्राचा स्वतःचा वीजवापर, जो २१०च्या जुन्या संचात साडेआठ-नऊ टक्के असतो, तो बराच खाली येतो. म्हणजे केंद्राबाहेर पडणाऱ्या विजेच्या मापाने संच होता तिथेच राहतो. ३५ टक्क्यांचा संच गॅसवर ३५ टक्क्यांचाच राहणार, हे मनाशी पक्कं धरा. पुढे सगळा हिशेब त्यावरच आहे.

आता चालवणाऱ्यांच्या बाजूने. कोळशावर वाढलेल्या ऑपरेटरला गॅसची पहिली ज्वाला विश्वासार्ह वाटत नाही. पीपहोलची काच उघडून पाहिलं की कोळशाची ज्वाला पिवळीधमक, डोळे दिपवणारी. गॅसवर आत पाहिलं तर समोरच्या भिंतीच्या नळ्या सरळ मोजता येतात आणि मध्ये नुसती निळसर थरथर. ज्वाला आहे की गेली, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. स्कॅनरवरच भरवसा ठेवावा लागतो, आणि कोळशासाठी लावलेले इन्फ्रारेड स्कॅनर गॅसला बरेचदा नीट पकडत नाहीत, अल्ट्राव्हायोलेट लावावे लागतात. तेलाच्या दिवसांत ‘फ्लेम दिसतेय ना, चालू दे’ असं म्हणून बायपास टाकायची जी सवय काही पाळ्यांना लागलेली असते, ती गॅसवर माणसं मारते. न पेटलेला गॅस भट्टीत काही सेकंद साठला आणि मग ठिणगी मिळाली, की भिंती बाहेर येतात. म्हणून प्रत्येक बर्नरच्या ओळीवर दोन बंद होणारे व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामध्ये बाहेर उघडणारा एक व्हेंट असतो. पहिला गळला तरी गॅस भट्टीत न जाता छपराच्या वर निघून जातो. ट्रिप झाल्यावर पाच मिनिटांचा पर्ज, म्हणजे हवा फिरवून भट्टी साफ करणं, पूर्ण झाल्याखेरीज पुन्हा पेटवायचं नाही. पाळीप्रमुखावर लोड डिस्पॅचचा (वीजजाळ्याच्या नियंत्रण केंद्राचा) फोन कितीही वाजत असो, ही पाच मिनिटं कापायची नाहीत.

शिवाय ज्या बाबीचं बजेट बहुधा कोणी धरत नाही ती म्हणजे उरलेला कोळसा. बंकरच्या कोपऱ्यात, मिलच्या तळाशी, नळांच्या वाकणांत तो चिकटून राहतो. आपला कोळसा उन्हाळ्यात आपणहून धुमसतो. वर गॅसची नळी आणि खाली धुमसणारा बंकर, हा प्रकार नको. बंकर पूर्ण रिकामे करून, खरवडून, धुऊन, मग सील करायचे. दुसऱ्या पासमधली, म्हणजे भट्टीनंतरच्या धुराच्या मार्गातली, राखही अशीच काढायची. गॅसच्या धुरातल्या दमटपणाने ती सिमेंटसारखी धरते. गॅसवाहिनीतून येणारा दाब बर्नरला लागणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तो उतरवताना गॅस गार पडतो, म्हणून दाब उतरवण्याच्या स्टेशनात हीटर लागतो. परवानग्यांसाठी बाष्पके संचालनालय आणि नागपूरची पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संस्था, दोन्हीकडे जावं लागतं. हे सगळं जमणारं आहे. तंत्रज्ञान इथे अडत नाही.

आता गॅसकडे येऊ. २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर एका युनिटला साधारण २५०० किलोकॅलरी उष्णता लागते. गॅसच्या एका घनमीटरमध्ये ९३०० च्या आसपास. भागाकार केला तर दिवसाला साडेतेरा लाख घनमीटर गॅस लागतो. तीन संचांना चाळीस लाख. देशभरात रोज जितका नैसर्गिक वायू वापरला जातो, म्हणजे खतं, सीएनजी, स्वयंपाकघरं, रिफायनऱ्या, काचेचे-टाइल्सचे कारखाने सगळं धरून, तो १९ कोटी घनमीटरच्या आसपास आहे. एकलहऱ्याचे तीन जुने संच त्यातले दोन टक्के एकटे पिऊन टाकतील आणि देतील जेमतेम ६३० मेगावॉट. कोराडीचा जुना २१०, खापरखेड्याचे चार, चंद्रपूरचे दोन, असे सगळे धरले तर काय होईल ते तुम्हीच गुणून पाहा.

आणि हा गॅस येणार कुठून? देशात निघणाऱ्या स्वस्त गॅसवर पहिला हक्क घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीचा आहे. त्या गॅसच्या किमतीला एप्रिल २०२३ मध्ये दर दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं माप) साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा लावली आणि पुढे ती हळूहळू वाढत जाणार अशी सोय केली. वीजकेंद्रांच्या वाट्याला त्यातलं फारसं येत नाही. नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्या जुन्या संचाला तर नाहीच. म्हणजे आयात एलएनजी, बोटीने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू. गॅस दशलक्ष बीटीयूच्या मापाने विकतात, आणि एका दशलक्ष बीटीयूत २ लाख ५२ हजार किलोकॅलरी असतात. २५०० ने भागा: शंभर युनिट. तोंडी हिशेबासाठी याहून सोपा आकडा नाही. गेटवर पोचलेला गॅस १२ डॉलरला पडला असं धरू, त्यात बोटीतून उतरवून वायू करण्याचं भाडं, वाहिनीचं भाडं आणि व्हॅट आला, कारण गॅस अजून जीएसटीत नाही. मग एका युनिटला १२ सेंट. डॉलर ८५ रुपये धरला तर दहा रुपये वीस पैसे, केंद्राचा स्वतःचा वापर वजा न करता. हे नुसतं जळण. याच संचाला कोळशावर जळणाचा खर्च साडेतीन-चार रुपये येतो.

दहा रुपयांचं महत्त्व लक्षात घ्या. वीज बाजारातल्या नेहमीच्या व्यवहारांना नियामकाने दहा रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे हा संच बाजारातल्या सर्वांत महाग तासालाही जळणाचे पैसे काढू शकत नाही. आयात गॅसवर चालणाऱ्या केंद्रांसाठी २०२३ मध्ये वेगळा, जास्त मर्यादेचा बाजार उघडला, तो याचसाठी. आणि १२ डॉलर हा शांत काळातला दर आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर आशियातला स्पॉट दर ५० डॉलरच्याही वर गेला होता. तेव्हा युरोप जास्त पैसे मोजतो म्हणून आपल्याकडे यायच्या बोटी तिकडे वळल्या.

मग अमेरिकेत कसं जमलं? तिथे २०११ ते २०१९ या काळात कोळशाची १०३ केंद्रं गॅसवर गेली किंवा त्यांच्या जागी गॅसची नवी केंद्रं उभी राहिली. त्यातल्या ८६ केंद्रांत नुसता बॉयलर बदलला, म्हणजे आपलं पहिलं काम. १७ ठिकाणी कंबाइंड सायकल आलं. पण मेगावॉटच्या मापाने पाहा: बॉयलर बदललेली क्षमता १४ हजार मेगावॉटच्या घरात, आणि १७ ठिकाणच्या नव्या केंद्रांची क्षमता १५ हजारांच्या वर. बदललेले बॉयलर बहुतेक लहान आणि जुने होते. कारणं दोन. एक, शेल गॅसमुळे तिथला घाऊक दर त्या काळात बहुतेक वेळा तीन डॉलरच्या आसपास होता. आपला शंभर युनिटांचा हिशेब लावा, तीन सेंट. दोन, २०१२ मध्ये चिमणीतून सुटणाऱ्या पाऱ्यावरचे कडक नियम आले आणि मालकांपुढे प्रश्न उभा राहिला: धूर धुणारी महाग यंत्रणा लावायची, बंद करायचं की गॅस? शिकागोजवळच्या जोलिएट केंद्राने २०१६ मध्ये गॅस घेतला. पण तिथेही बदललेले संच नंतर दिवसरात्र चाललेले नाहीत. कडाक्याच्या थंडीत, उन्हाळ्याच्या लाटेत चालवायचे आणि एरवी उभे ठेवायचे, अशीच बहुतेकांची गत आहे.

कॅनडाच्या अल्बर्टात तर गॅस पायाखालीच निघतो, वर कार्बनवर कर. सन्डान्स आणि कीपहिल्सचे बॉयलर २०२१ मध्ये गॅसवर गेले, आणि जून २०२४ मध्ये अल्बर्टातला कोळसा पूर्ण थांबला. तिथे जेनेसीच्या संचांना मात्र नव्या गॅस टर्बाइन जोडल्या, म्हणजे दुसरं काम. फ्रान्समधल्या बुशां इथे तिसरं: जुनं कोळसा केंद्र २०१५ मध्ये बंद केलं आणि त्याच जागेवर २०१६ मध्ये ६०५ मेगावॉटचं कंबाइंड सायकल सुरू झालं. त्याची कार्यक्षमता ६२.२२ टक्के नोंदली गेली, तेव्हाचा जागतिक विक्रम. तोच गॅस, पण ३५ ऐवजी ६२. एवढ्या फरकापुढे जुना बॉयलर वाचवल्याचं समाधान फार महाग पडतं.

धुराचा हिशेबही याच फरकावर आहे. आपला जुना २१० कोळशावर एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तोच बॉयलर गॅसवर नेला तर अर्ध्या किलोच्या थोडा वर. चांगलं कंबाइंड सायकल ४०० ग्रॅमच्या आत. पैकी पहिली उडी मोठी दिसते, पण त्यात बोटीने आलेल्या एलएनजीचा मागचा प्रवास धरलेला नाही: गॅस द्रवरूप करताना त्यातलाच काही भाग जळतो, आणि विहिरीपासून बर्नरपर्यंत जिथे जिथे मिथेन गळतो तिथे तो वीस वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. गळती थोडी असेल तर गॅस अजूनही पुढे राहतो. जास्त असेल तर आघाडी झपाट्याने खलास होते. गावाच्या दृष्टीने मात्र फरक निर्विवाद आहे. धूळ नाही, गंधक नाही, राख नाही. एक २१०चा संच पूर्ण भाराने रोज एक अख्खी मालगाडी कोळसा खातो, ५८-५९ वाघिणी, पावणेचार-चार हजार टन. त्यातून चौदाशे टन राख निघते. रोज. एकलहरे, कोराडी, परळीच्या आसपास वाळत घातलेले कपडे पुन्हा धुणाऱ्या बायकांना यातला फायदा समजावून सांगावा लागत नाही. पण जुना राखबंधारा गॅसने नाहीसा होत नाही. कोराडीचा खसाळ्याचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राख नदीत गेली. केंद्र गॅसवर जावो की बंद होवो, बंधाऱ्याची देखभाल कोणाच्या तरी नावावर कायमची लिहून ठेवावी लागेल.

महाराष्ट्राला गॅसचा अनुभव नाही असंही नाही. आपण यात चांगलेच पोळलो आहोत. दाभोळचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये पैशांच्या वादात बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढून १९६७ मेगावॉटचं केंद्र पुन्हा उभं करायचं ठरलं. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या डी-६ या क्षेत्रातला गॅस आला, २०१० मध्ये त्याने दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या आसपास उच्चांक गाठला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो धाडकन खाली आला. २०१३ मध्ये दाभोळ गॅसअभावी ठप्प. पुढे रेल्वेला ५०० मेगावॉट देण्यापुरतं ते चाललं. केंद्र नवं, टर्बाइन उत्तम, शेजारी एलएनजीचं टर्मिनल, आणि तरीही ही अवस्था. २०२४ मध्ये देशात गॅसवरची क्षमता २५ हजार मेगावॉटच्या आसपास होती आणि तिच्यातली बहुतेक वर्षभर उभी असायची. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केंद्र सरकारला कायद्यातल्या विशेष कलमाखाली आदेश काढून ही केंद्रं चालवायला लावावी लागली. पन्नास टक्के कार्यक्षमतेची केंद्रं गॅसवाचून रांगेत असताना ३५ टक्क्यांच्या बॉयलरला गॅस कोण देणार, आणि का द्यावा?

उरणचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. तिथे १०८ मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइन आहेत आणि त्यांच्या धुरावर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच. गॅस तोच, वीज २४० मेगावॉट जास्त. मुंबई हायचा गॅस दारात. तरी गॅस कमी मिळतो म्हणून ६७२ मेगावॉटचं हे केंद्र वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपास चालत आलं. ट्रॉम्बेला टाटांचा ५०० मेगावॉटचा पाचवा संच १९८४ पासून आहे, कोळसा, तेल, गॅस तिन्ही खाणारा. म्हणजे एकाच बॉयलरमध्ये हे सगळं जमतं याचा पुरावा मुंबईतच आहे. तिथल्याच सहाव्या संचाबद्दल तर तेल आणि गॅसवरून कोळशावर न्यायचा प्रस्ताव पुढे आला होता. जळणाचा दर माणसाला कुठल्या दिशेला पळवेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या कामाबद्दल थोडक्यात, कारण आपल्याकडे ते बसत नाही. कंबाइंड सायकलमध्ये गॅस टर्बाइनचे दोन वाटे आणि वाफेचा एक. म्हणजे जुना २१० पूर्ण वापरायचा तर समोर ४०० मेगावॉटच्या गॅस टर्बाइन हव्यात. १९८० च्या काळातले आपले बरेच २१० हे एलएमडब्ल्यू या रशियन घडणीचे, १३० किलो दाब, ५३५ अंश. त्यांच्यातून सहा-सात ठिकाणी वाफ काढून फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, गरम करतात. धुरावरच्या बॉयलरमध्ये ते काढणं बंद होतं, सगळी वाफ शेवटपर्यंत जाते, आणि एलपी (कमी दाबाचा) टर्बाइन व कंडेन्सर तेवढी घ्यायला बनलेले नसतात. मग भार कमी करून चालवा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललेल्या रोटरभोवती शेकडो कोटींच्या नव्या टर्बाइन बांधायच्या, हे मला पटत नाही.

मग काय करावं? माझ्या मते गॅसची वाहिनी खरोखर उंबरठ्यावर आली असेल तर तिचा पहिला उपयोग तेल हटवण्यासाठी करावा. २१०चा संच थंड अवस्थेतून पेटवायला ५० किलोलिटर तेल धरतात, कोमट असेल तर ३०, गरम असेल तर २०. दुपारी सौरवीज भरपूर असते, त्यामुळे कोळशाच्या संचांना रोज खाली उतरून संध्याकाळी वर चढावं लागतं आणि काहींना दिवसाआड बंद-चालू. प्रत्येक वेळी तेल जळतं, आणि कमी भारावर ज्वाला डळमळली की आधार म्हणून पुन्हा तेल. तेलाच्या जागी गॅसचे इग्नायटर आणि दोन पातळ्यांवर गॅसचे बर्नर बसवले तर सुरुवात स्वच्छ होते, इएसपी लवकर चालू करता येतो आणि संच खालच्या भाराला आधाराने टिकतो. गॅस लागतो थोडा, आणि तेल त्याहून महागच असतं, त्यामुळे हिशेबही बसतो. बॉयलर, मिल, माणसं, सगळं जागच्या जागी. काही वर्षांनी गॅसचा दर खरोखर पडला, तर बर्नर वाढवायला पाया तयार असतो.

दुसरं म्हणजे, संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी गॅसवरचा जुना संच ठेवायचा विचार असेल तर त्याला बॅटरी आणि घाटघरसारख्या उदंचन (पाणी वर चढवून गरजेला खाली सोडणाऱ्या) प्रकल्पांशी तुलना करून पाहावं लागेल. दुपारची स्वस्त सौरवीज साठवून संध्याकाळी देणं एका बाजूला, आणि दहा रुपयांचा गॅस दुसऱ्या बाजूला. चार तासांसाठी बॅटरी जिंकते असं मला वाटतं. पावसाळ्यात सलग आठ दिवस ढग राहिले, वाराही पडला, तर बॅटरी काही कामाची नाही. तिथे उभा ठेवलेला गॅसचा बॉयलर उपयोगी पडेल. पण वर्षाला असे आठ-दहा दिवस चालवायच्या संचाला गॅसवाले करारच देत नाहीत. त्यांचे करार ‘घ्या किंवा पैसे भरा’ या अटीवर असतात: ठरलेल्या गॅसपैकी ८०-९० टक्क्यांचे पैसे उचलला नाही तरी द्यायचे. वाहिनीचं भाडंही तसंच. म्हणजे रोज चालवला तर दर परवडत नाही, क्वचित चालवला तर करार परवडत नाही.

नोकऱ्यांबद्दल विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो. गॅसवर गेलेल्या केंद्रात कायमस्वरूपी ऑपरेटर बहुतेक राहतात. जातात ते कोल हँडलिंगचे, राखेचे, मिल दुरुस्तीचे कंत्राटी कामगार, राख वाहणारे ट्रकवाले आणि राखेच्या विटा करणारे. संख्येने तेच जास्त असतात. नोकऱ्या वाचवायच्या म्हणून गॅस, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी त्या लोकांना आधी विचारावं.

एकलहऱ्याला ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची मागणी बरीच वर्षं आहे, हे मला माहीत आहे, आणि गॅसची कल्पना त्याच निराशेतून पुढे येते हेही दिसतं. तुमची समिती कोणाला निवेदन देणार असेल तर त्यात ‘संच गॅसवर न्या’ असं लिहू नका. त्याला उत्तर म्हणून नुसतं ‘अभ्यास सुरू आहे’ येईल. तीन गोष्टी लेखी मागा. वाहिनीच्या जवळच्या टॅपिंगपासून केंद्राच्या गेटपर्यंत पोचलेल्या गॅसचा दर, सगळे कर आणि भाडी धरून, आणि सोबत किमान उचलीची अट. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक संच किती वेळा बंद-चालू झाला आणि त्यात किती तेल जळलं, महिनावार. आणि संच कायमचे बंद झाल्यावर २२० केव्हीचं स्विचयार्ड, पाण्याचं आरक्षण आणि जमीन कोणत्या कामासाठी राखून ठेवली आहे. पहिला आकडा हाती आला की त्याला शंभराने भागा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका भागाकारात मिळेल. दुसऱ्या आकड्यावरून तेलाच्या जागी गॅस घालणं परवडतं का ते मी तुम्हाला मांडून देईन.